चार हातांचं काम

सुल्मा बेन्तांकुर आणि तिची धाकटी बहीण निबिया, या दोघींनी निम्म्या सारांदी देल यी गावाला बसायला जागा दिली, असं गावात गमतीनं म्हणत. गादीकाम हा त्यांचा धंदा. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, ट्रकच्या सीटा, एकदा तर पाद्रीबाबांचं गुडघे टेकायचं बाकडंसुद्धा. काम वडलांकडून आलेलं. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, दोघींची लग्नं व्हायची राहूनच गेली. रस्त्याकडच्या गॅरेजात दोन लाकडी घोड्यांवर खुर्ची उलटी ठेवून समोरासमोर उभ्या असलेल्या दोन बाया गावानं इतकी वर्षं पाहिल्या होत्या, की एक दिसली की लोक आपोआप दुसरीला शोधत.

काम वाटून घेतलेलं होतं. सुल्मा कापड ताणायची, निबिया ठोकायची. सुल्माचे अंगठे दणकट. रेक्झिन असो नाहीतर जाडजूड चामडं, ती ते असं खेचून धरायची की सुरकुतीची पडायची टाप नव्हती. निबिया मूठभर चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात टाकायची, जिभेनं एकेक पुढे आणायची, हातोडीच्या चुंबकावर टिपायची आणि ठोकायची. ताण घेतला की सुल्मा म्हणायची, "हं." तो "हं" पडला की हातोडी पडायची. दिवसभर हेच: हं, ठक. हं, ठक. आणि एवढं चालू असताना तोंडात चुका ठेवून निबिया अखंड बोलत असायची. ते बोलणं जगात एकट्या सुल्मालाच कळायचं.

मग अदेमार आला. सरहद्दीवरच्या रिव्हेरा शहराचा ट्रकवाला, बायको वारलेली, अंगानं आडवा आणि स्वभावानं लाजाळू. ट्रकची सीट नवी करून घेऊन गेला आणि महिन्याभरात परत आला. म्हणे सीट फार कडक झाली. मऊ करून दिली, तर म्हणे फार मऊ झाली. तिसऱ्या वेळी तो दारात दिसला तेव्हा सुल्मा म्हणाली, "या माणसाच्या बुडाला काटे आहेत की काय?" निबियाला इतकं हसू आलं की चुका गिळता गिळता राहिल्या. चौथ्या वेळी अदेमार आला तो इस्त्रीचा सदरा घालून, ट्रक न घेता.

छपन्नाव्या वर्षी निबियाचं लग्न झालं. उन्हाळा सरला आणि ती रिव्हेराला निघून गेली. जाताना हातोडी तिनं खुंटीलाच ठेवली. "तिकडे काय करू हिचं?" म्हणाली. सुल्मानं तिला मिठी मारली, अदेमारला सांगितलं, "हळू चालव," आणि ट्रक वळणाआड गेल्यावर ती आत येऊन उरलेली खुर्ची पुरी करायला बसली. त्या दिवशी ती पुरी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

एकटीनं काम करायचं म्हणजे डाव्या हातानं ताणायचं, उजव्या हातात हातोडी, मग चूक कोणी धरायची? तोंडात चुका ठेवाव्यात तर सुल्माच्या तोंडात कवळी. एप्रनच्या खिशातून चूक काढेपर्यंत ताण सैल व्हायचा. पुन्हा ताणायचं. अंगठ्याचा सांधा सुजून लिंबाएवढा झाला. तिकडे हिवाळा जूनमध्ये येतो; थंडी पडली तशा त्यात कळा येऊ लागल्या. कधी कधी काम करता करता सवयीनं तोंडून "हं" निघून जायचा, आणि ती तशीच ताण धरून उभी राहायची. समोर कोणी नाही हे कळायला एक क्षण जायचा. मग ती रेडिओचा आवाज वाढवायची.

हळूहळू काम कमी झालं. "आता एकटीच आहे, तिला कशाला त्रास," असं म्हणून लोकांनी दयेपोटीच येणं सोडलं. दया वाईट. भांडायला आलं तर माणूस निदान दारात उभं राहतं.

त्यातच गावच्या क्लबचे सेक्रेटरी इरिबार्ने आले. वसंतात क्लबचा वर्धापनदिन होता, मोठा नाच ठेवला होता आणि सभागृहातल्या सगळ्या खुर्च्यांचं कापड नवं करायचं होतं. मखमल. तांबडी.

"दोघी मिळून वेळेत कराल ना?" ते बोलून गेले आणि चपापले. "म्हणजे... तुम्ही, सुल्मा."

"करीन," सुल्मा म्हणाली. त्यांनी जीभ चावली नसती तर कदाचित ती नाही म्हणाली असती.

हवेवर चालणारी स्टेपलची बंदूक तिनं दुरास्नो शहरातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात पाहिली होती. हातोडी नको, चुका नकोत. एका हातानं ताणायचं, दुसऱ्या हातानं चाप ओढायचा, थप्, झालं. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात ती विचारायला गेली. काउंटरवरचा तरुण विक्रेता मोठा बोलघेवडा.

"साहेबांसाठी हवंय का?"

"कोणत्या साहेबांसाठी?"

"नाही, म्हणजे कोण वापरणार?"

"मी. का, बंदूक बायकांवर उलटते का?"

त्यानं हसून एक मोठी पेटी पुढे केली. छोटा कॉम्प्रेसर, बंदूक, रंगाचा फवारा, टायरमध्ये हवा भरायची नळी, धूळ झाडायची नळी, सगळं एकातच. वर चकचकीत लाल रंग. सुल्मानं बंदूक हातात घेऊनही पाहिली नाही. पेटी बांधून घेतली.

पहिल्याच दिवशी ते यंत्र सुरू झालं आणि गल्लीतली कुत्री रडू लागली. आवाज म्हणजे पत्र्यावर कोणी साखळ्या ओढतंय तसा. घरातले दिवे मिणमिणले. दुपारची वामकुक्षीची वेळ होती. शेजारच्या भिंतीवर झाडूचा दांडा आपटू लागला. पलीकडे दोन्या सेल्मिरा, म्हणजे सेल्मिराबाई, राहायच्या, ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या. सुल्मानं यंत्र बंद केलं. संध्याकाळी पुन्हा लावलं. बंदुकीनं चार स्टेपल नीट मारले, पाचवा अर्धाच बाहेर राहिला, सहावा नाकातच अडकला. चिमट्यानं काढला तर सातवा अडकला. वर मुठीपाशी कुठून तरी हवा फुसफुसत होती, त्यामुळे टाकी रिकामी होई आणि कोणी हात न लावता यंत्र आपलं आपण ओरडून उठे. जेवायला बसली की उठे, केस विंचरायला घेतले की उठे. सुरुवातीला ती दचकायची. मग तिला त्याचा राग येऊ लागला. मग एके दिवशी ते बराच वेळ उठलं नाही, तर ती उठून पाहायला गेली. तेव्हा तिचं तिलाच वाईट वाटलं, की आपल्या घरात आता वाट पाहायला हेच उरलं.

महिनाही धड गेला नाही. मोटर जळल्याचा वास आला आणि सगळं शांत झालं. दुकानात नेलं तर तो विक्रेता म्हणाला, "तुम्ही फार वापरलंत. हे घरगुती वापरासाठी आहे."

"मी ते घरातच वापरत होते, बाळा," सुल्मा म्हणाली आणि पेटी पुन्हा उचलून घरी आली.

त्या दुपारी गॅरेजचं दार ढकलून दोन्या सेल्मिरा आत आल्या. खांद्यावर लोकरी शाल, काखेत थर्मास, हातात माते नावाच्या कडवट पानांच्या चहाचा पेला. "मेलं का ते यंत्र? देव पावला!" असं म्हणता म्हणता त्या थबकल्या. सुल्मा जमिनीवर बसली होती. मांडीवर मखमलीचा तागा, डोळे लाल.

"अगं, यंत्रासाठी रडतेस?"

"यंत्रासाठी नाही."

"ते दिसतंयच," म्हातारी म्हणाली. तिनं पानांवर गरम पाणी ओतून पेला सुल्माच्या हातात दिला आणि स्वतः एका उलट्या खुर्चीच्या कडेला टेकली. "कोणी विकलं तुला हे भूत?"

सुल्मानं सांगितलं. दोन्या सेल्मिरांनी पेटीत डोकावून पाहिलं. हमरस्त्यावर त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान होतं. तिथे त्यांची उभी हयात गेली. नवऱ्यापेक्षा कॉम्प्रेसर जास्त ओळखत असं त्या स्वतःच सांगत.

"ज्या पेटीत सगळं असतं ना, तिच्यात एकही गोष्ट धड नसते," त्या म्हणाल्या. "आणि तू उलटीकडून सुरुवात केलीस. आधी यंत्र घेतलंस, मग हत्यार. आधी हत्यार निवडायचं असतं. ते किती हवा पितं हे विचारायचं. मग त्याच्या तहानेपेक्षा जरा जास्त देणारा कॉम्प्रेसर बघायचा. स्टेपलची बंदूक चिमणीसारखी पिते, घोट घोट. तिला मोठी टाकी नको. पण रंगाचा फवारा म्हणजे बैल. तुला फवारायचंय काही?"

"नाही."

"मग बैलाचे पैसे कशाला भरलेस? आणि टाकीच्या बुडाची चावी उघडून पाणी काढायचीस का?"

"कसलं पाणी?"

म्हातारीनं कपाळावर हात मारला. तिनं वाकून चावी फिरवली. गंजलेलं तांबडं पाणी भसकन जमिनीवर आलं. "हवेत पाणी असतं, पोरी. दाबली की सुटतं. हे सगळं तुझ्या बंदुकीच्या पोटात जात होतं. ती बिचारी अडकणार नाही तर काय नाचेल?"

पुढच्या आठवड्यात दोघी बसनं दुरास्नोला गेल्या. जुनं, अंधारं दुकान, मालक चष्मेवाला, अबोल. तो जी जी बंदूक दाखवील ती दोन्या सेल्मिरांनी त्याला सुल्माच्या हातात द्यायला लावली. "नुसती धरू नकोस, खुर्ची समोर आहे समज. हात वर कर. तसाच ठेव. आता मी सांगेपर्यंत खाली आणू नकोस." पहिली बंदूक जड पडली. दुसरीची मूठ जाड होती. तिसरी लहान, लांब नाकाची, सुल्माच्या सुजलेल्या अंगठ्यावर भार न देणारी. म्हातारीनं विचारलं, "हिचं नाक हत्याराशिवाय उघडतं का? स्टेपल अडकणारच, दर वेळी स्क्रू कोण काढत बसेल? हिच्या आतल्या रबरी कड्या मिळतात का? आज नाही, दोन वर्षांनी? आणि स्टेपल हेच लागतात, की आमच्या गावात मिळतात तेही चालतात?" मालकानं उत्तरं दिली. कड्यांचं पाकीट काढून समोर ठेवलं. तेव्हा कुठे तिनं मान हलवली.

कॉम्प्रेसर आत वंगणाचं तेल असलेला, सावकाश फिरणारा निवडला. नवा नव्हता. दंतवैद्यानं विकलेला, पण आवाज फ्रिजपेक्षा थोडाच मोठा. म्हातारीनं तो लावायला सांगितला, टाकी भरू दिली, बंद करायला लावला आणि पिशवीतून एक बाटली काढली.

"साबणाचं पाणी? कशाला, दोन्या?" मालकानं विचारलं.

"आंघोळीला. तुम्ही तिकडे तोंड करा."

जोडाजोडावर तिनं फेस लावला आणि वाकून पाहत राहिली. एका ठिकाणी बुडबुडा फुगला. मालकानं तिथला जोड उघडून आट्यांवर फीत गुंडाळली, पुन्हा घट्ट केली. "आता हवेच्या दाबाचा काटा कुठे आहे ते बघून ठेव," म्हातारी सुल्माला म्हणाली. दोघी समोरच्या चौकात जाऊन चीज घातलेला पाव खाऊन आल्या. परत आल्या तर काटा होता तिथेच होता. "हा घे," दोन्या सेल्मिरा म्हणाल्या. "हा माणूस तुला सोडून जायचा नाही." बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि मग बसमध्ये त्या झोपल्याचं सोंग घेऊन बसल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी थंडी सोसवेना म्हणून त्यांची लेक त्यांना राजधानीत, मोंतेव्हिदेओला घेऊन गेली. पलीकडची भिंत गप्प झाली. सुल्मा आता दुपारीही काम करू शकत होती. काम झपाझप होऊ लागलं. डावा हात ताणतो, उजवा चाप ओढतो, थप्, थप्, थप्. रोज संध्याकाळी ती टाकीचं पाणी सोडायची, सकाळी बंदुकीत तेलाचे थेंब घालायची. अंगठ्याची सूज उतरली. चाप ओढण्याआधी तिच्या तोंडून अजूनही "हं" निघायचा. तो आता दुसऱ्या कोणासाठी नव्हता. तिनंच आपल्या हाताला दिलेला तो हुकूम होता. तांबड्या खुर्च्यांची रांग भिंतीला लागून वाढत गेली. गॅरेजात उभं राहिलं की वाटायचं, पाहुणे येणार आहेत आणि जागा अडवून ठेवल्या आहेत.

निबियाचा फोन रविवारी यायचा.

"कसं चाललंय क्लबचं?"

"चाललंय."

"हाताचं?"

"आहे तसंच."

यंत्राचं आणि हात बरा झाल्याचं मात्र सुल्मानं सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते तिला नीट सांगता आलं नसतं. बहिणीनं थोडी काळजी करावी, एवढंच तिला हवं होतं.

काळजी निबियानं केलीच. नाचाला आठवडा उरला असताना ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. "मी आले. आता काही काळजी करू नकोस. किती राहिल्यात? रात्रीचा दिवस करू." बोलता बोलता ती गॅरेजात शिरली आणि तिथेच थांबली. जवळजवळ सगळ्या खुर्च्या तयार होत्या. घोड्यांवर एक होती आणि बाजूला थोड्याच उरल्या होत्या.

"कोणी केल्या?"

"मीच."

निबियानं नळीच्या मागोमाग नजर नेली. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर पाहिला. मग खुंटीवरची हातोडी काढली, एप्रन बांधला, मूठभर चुका तोंडात टाकल्या आणि घोड्यांच्या पलीकडे आपल्या जागी उभी राहिली. "हाण," ती चुकांमधून म्हणाली. म्हणजे ताण.

सुल्मानं मखमल ताणली. "हं," ती म्हणाली, आणि निबियाची हातोडी वर जाईपर्यंत तिच्याच उजव्या हातानं चाप ओढला होता. थप्. सवय. "चुकलं. थांब." तिनं बंदूक खाली ठेवली, दोन्ही हातांनी ताणलं, "हं." निबियानं ठोकलं, पण चूक वाकडी गेली. इतक्या महिन्यांत हाताची सवय मोडली होती. पुन्हा ठोकलं. मखमलीवर हातोडीचा ओरखडा उठला. दोघींनी तो पाहिला.

"राहू दे," निबिया म्हणाली. तिनं चुका तळहातावर थुंकल्या. "मी जुने स्टेपल उपसते."

जुने स्टेपल उपसणं हे शिकाऊ माणसाचं काम. निबिया खाली बसून ते करत राहिली. वर थप् थप् चालू राहिलं. बऱ्याच वेळानं ती खालूनच म्हणाली, "तुला माझी गरज नाही उरली."

"तू गेलीस म्हणून यंत्र आणलं," सुल्मा म्हणाली. "यंत्र आणलं म्हणून तू गेली नाहीस."

"मी कुठे काय म्हटलं?"

"मग झालं तर."

संध्याकाळी दोघी मसुराचा रस्सा आणि पाव घेऊन जेवायला बसल्या. निबिया बशीत चमचा फिरवत होती. अदेमार बिचारा चांगला आहे, ती सांगत होती, पण आठवडेच्या आठवडे रस्त्यावर असतो. शेजारणी अर्धं पोर्तुगीज बोलतात, हसतात कशाला ते कळत नाही. घर मोठं आहे. दुपारी इतकं शांत असतं की ती उगाच पडदे काढून पुन्हा लावते. "परवा मी एकटीच बोलत होते," ती म्हणाली, "तर माझ्या लक्षात आलं, मी नुसतं स्पष्ट बोलतेय. तोंडात चुका नाहीत. तरी ऐकायला कोणी नाही."

ती थांबली. सुल्माला कळलं की निबिया एका शब्दाची वाट पाहतेय. बॅगही मोठी आणली होती, आठवड्यापुरती नव्हती. "राहा" एवढाच तो शब्द. तो सुल्माच्या जिभेवर आला होता. पण त्यामागून इतर गोष्टीही आल्या: तो ट्रक, ती खुर्ची जी पुरी झाली नाही, रेडिओ, सुजलेला अंगठा. आणि शिवाय हेही खरं होतं, की आज निबिया समोर उभी राहिली तेव्हा तिला अडचण झाली होती. ते स्वतःशी कबूल करताना तिला लाज वाटली.

"अजून वाढू?" तिनं विचारलं.

"नको," निबिया म्हणाली.

नाचाला दोघी गेल्या. अदेमार थेट रस्त्यावरून आला, इस्त्रीचा सदरा घालून. खुर्च्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं. "दोघींनी मिळून केल्या ना?" इरिबार्नेंनी विचारलं, आणि निबिया काही बोलायच्या आत सुल्मा म्हणाली, "हो." निबियानं तिच्याकडे पाहिलं. मग अदेमारनं तिचा हात धरून तिला नाचायला नेलं. तो माणूस नाचायचा बरा. सुल्मा एका तांबड्या खुर्चीवर बसून त्यांना पाहत राहिली. कोणी तिला नाचायला विचारलं नाही, आणि कोणी विचारावं अशी तिचीही फारशी अपेक्षा नव्हती.

सकाळी अदेमारनं बॅग ट्रकमध्ये टाकली. बहिणींनी एकमेकींचे गाल चुंबले. निबिया म्हणाली, "थंडी गेली, आता हात बरा राहील." सुल्मा म्हणाली, "राहील." ट्रक गेला.

त्या आठवड्यात दवाखान्याचं बाक आलं, मग एका नव्या जोडप्याचा सोफा. लोक पुन्हा येऊ लागले होते. काम भरपूर होतं. एके सकाळी सुल्मानं गॅरेजच्या मधोमध असलेल्या दोन्ही घोड्या ढकलत ढकलत मागच्या भिंतीला नेऊन लावल्या. एकटीला पलीकडच्या बाजूची जागा लागत नव्हती, नळीही पायात यायची.

रविवारी फोन आला.

"काय करत होतीस?" निबियानं विचारलं.

"घोड्या हलवल्या."

"कुठे?"

"मागच्या भिंतीला. तिथे उजेड बरा येतो."

त्या भिंतीकडे उजेड कधीच येत नसे. घोड्यांच्या पलीकडे, त्याच भिंतीकडे पाठ करून निबियानं तीस वर्षं काढली होती.

"हो," ती म्हणाली, "तिथे बरा येतो."

मग त्या अदेमारच्या गुडघ्याबद्दल बोलल्या. डॉक्टरनं त्याला ट्रक चालवताना मध्ये मध्ये उतरून पाय मोकळे करायला सांगितलं होतं, आणि तो अर्थातच ऐकत नव्हता.